हद्दीबाहेरचा गुन्हा

९ जानेवारी

आचारीदादांना नमस्कार,

पाकिटावर तुमच्या परदेशातल्या कंपनीचा पत्ता आहे, पण नावाच्या जागी ‘आचारीदादा, गोदीची मेस’ एवढंच लिहिलंय. धाकट्याच्या तोंडून मी तेवढंच ऐकलं होतं. पोचेल अशी आशा आहे.

मी त्याची मोठी बहीण. गेल्या फेब्रुवारीत तो पेटीतून घरी आला. कंपनीचं पत्र होतं, ‘मेसमध्ये पाय घसरून पडला, डोक्याला मार लागला.’ आम्ही विश्वास ठेवला. आई तर अजून ठेवते. मी घरात फरशी पुसायला घेतली की म्हणते, “बाई गं, लगेच कोरडी कर.”

मागच्या महिन्यात तुमच्या गोदीतला एक रंगारी सुट्टीवर आला होता. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते, तिथे तो नंबर काढायला आला. बोलता बोलता कळलं, तो तुमच्याकडचाच. मी धाकट्याचं नाव काढलं तर त्याचा चेहराच पडला. म्हणाला, “ताई, घसरून कुठला? क्रेनवाल्या उंच्यानं मारलं त्याला. दुसऱ्या दिवशी विमानात बसून घरी गेला.”

दादा, रंगारीच म्हणाला, तो उंच्या आमच्यापासून बसनं पाऊण तासावर राहतो. पत्र्याच्या कारखान्यात कामालाही लागलाय.

मी पोलीस चौकीत गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि म्हणाले, “बाई, हे आमच्या हद्दीत घडलेलं नाही. तिकडे तक्रार करा.” मी म्हटलं, “मेलेला इथला, मारणारा इथला, दोघांचे पासपोर्ट एका रंगाचे. मग तिकडच्यांनी का बघायचं?” ते हसले. वाईट माणूस नव्हते, पण उठून उभे राहिले. म्हणजे मीही उठायचं.

फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि विचारायचं राहून जातं. तुम्ही तिथे होतात. धाकट्याचा तुमच्यावर जीव होता. काय पाहिलंत?

धाकट्याची ताई


२ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

पत्र पोचलं. पोस्टातला माणूस सरळ स्वयंपाकघरातच घेऊन आला. मी दोनशे वीस माणसांचं जेवण करतो, त्यामुळे इथे मला शोधावं लागत नाही.

तुमचा भाऊ पोरगा लाखातला होता. वेल्डिंगचं काम असं की जोडावर बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते सापडू नये. जेवायला सगळ्यांत शेवटी यायचा, आणि उरलेलं खरवडून न्यायचा. म्हणायचा, “दादा, करपलेलंच खरं लागतं.” सगळे त्याला ठिणगी म्हणायचे. मी मात्र त्याला ‘अहो वेल्डरसाहेब’ म्हणायचो, चिडवायला.

तुम्ही विचारता ते सांगतो. त्या दिवशी सुट्टी होती, दुपारची वेळ. मी मागच्या कोठीघरात आठवड्याचे कांदे निवडत होतो. आरडाओरडा ऐकला, पण इथे आरडाओरडा रोजचाच. बाहेर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. पोलिसांनाही मी हेच सांगितलं. काही भोगावं लागलं नाही त्याला, एवढं समाधान माना. आधी गुडघ्यावर बसला, मग हळूच आडवा झाला, झोपायला टेकावं तसा.

उंच्या गेला. इथल्या पोलिसांनी कागद बांधून ठेवले. ताई, मी वयानं मोठा आहे म्हणून सांगतो, आता उकरू नका. आईंची काळजी घ्या.

तुमचा,
आचारी


१ मार्च

दादा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. माझं काम असं आहे की काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी मला तो दिसतो. तो दिसला की काच पुढे जात नाही.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा सगळं संपलं होतं. मग तो आधी गुडघ्यावर बसला हे कोणी पाहिलं?

राग मानू नका. उत्तर द्या.

इथलं सांगते. दुकानात एक वकीलबाई येतात, जाड भिंगाचा चष्मा, दर सहा महिन्यांनी दांडी मोडून आणतात. त्यांना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, “हद्दीबाहेर म्हणे! नागरिक कुठेही गेला तरी आपला कायदा त्याच्या पाठीवर असतो. आपल्या माणसानं परदेशात गुन्हा केला आणि तो इथे सापडला, तर गुन्हा इथेच घडला असं समजून चौकशी करता येते. फक्त कोर्टात खटला उभा राहायच्या आधी राजधानीतून सरकारची मंजुरी आणावी लागते.”

मी म्हटलं, “मग त्याला तिकडेच पाठवून द्या की.” तर म्हणाल्या, त्या देशाशी आपला तसा करार नाही, आपण आपला माणूस त्यांच्या हवाली करत नाही. म्हणजे तिकडचे धरू शकत नाहीत आणि इथलेही धरणार नसतील, तर तो माणूस दोन देशांच्या फटीत मजेत राहील.

बाईंनी कायद्याचं पान काढून दिलं, ते घेऊन मी पुन्हा चौकीत गेले. साहेबांनी पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग हवालदाराला म्हणाले, “लिहून घ्या यांचं.” पुढचं असं, की इथल्या कोर्टानं तिथल्या कोर्टाला पत्र लिहायचं, तिथले कागद यायचे, त्यांचं भाषांतर व्हायचं. तोवर माझे केस पिकतील. पण सुरू झालंय.

आणखी एक. त्याला ठिणगी का म्हणायचे?

ताई


२८ मार्च

ताई,

तुम्ही मला पकडलंत. बरं झालं.

मी कोठीघरात नव्हतो. चुलीपाशी होतो, दहा पावलांवर. दोघांची बाचाबाची झाली. उंच्यानं भात ढवळायचा लोखंडी झारा उचलला आणि तुमच्या भावाला दोनदा मारला. दुसऱ्या वेळी तो खाली गेला आणि भांडी घासायच्या दगडी हौदाची कड त्याच्या डोक्याला लागली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काही बोलला नाही. खोटं सांगणार नाही, शेवटचा शब्द वगैरे काही नव्हता.

पुढचं ऐकून तुम्ही मला शिव्या द्याल, त्या मी घेईन. उंच्या तिथेच उभा राहून थरथरत होता. एवढा सहा फुटी माणूस, दात वाजत होते. ताई, या देशात जिवाला जीव घेतात. मला वाटलं, एक गेला, आता दुसराही जाणार, आणि दोन्ही पेट्यांबरोबर मीच विमानतळापर्यंत जाणार. मी झारा धुतला. फरशी धुतली. त्याच्या अंगातला सदरा चुलीत घातला आणि माझा कोट त्याला दिला. पहाटे भाजी आणायच्या गाडीतून विमानतळावर सोडलं. पोलीस आले तेव्हा म्हटलं, मी मागे कांदे निवडत होतो. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं. खरं म्हणजे पाहिलं मी एकट्यानंच होतं.

कोर्टात सांगायचं असेल तर सांगेन. कंपनीकडून सुट्टी मिळवीन.

नावाचं विचारलंत. वेल्डरला ठिणगीच म्हणणार, दुसरं काय?

आचारी


१७ मे

दादा,

शिव्या देणार होते. लिहिल्याही होत्या, मग कागद फाडला. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलंत, त्या एका वाक्यापाशी मी अडकून पडते.

उंच्याला धरलं. कारखान्याच्या दारातून नेलं. म्हणे त्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत, डबा तेवढा घरी पोचवा म्हणाला.

त्यानंतर आठ दिवसांनी दुकानात एक म्हातारी आली. नंबराच्या चिठ्ठीवर आडनाव पाहिलं, उंच्याचंच. ती त्याची आई. मला ओळखत नव्हती. म्हणाली, “पोरी, जरा लवकर देशील का? वकिलाचे कागद वाचायचेत, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटते.” मी मालकांना सांगू शकले असते की मला जमणार नाही. बसले आणि काचा केल्या. नीट केल्या. तिनं चष्मा घालून भिंतीवरची शेवटची ओळ वाचून दाखवली आणि खूश झाली. घरी येऊन नुसती भांडी आपटत राहिले.

आता मुद्द्याचं. तुमच्याशिवाय या खटल्यात काहीच नाही. तिकडून कागद आलेत, त्यात फक्त ‘डोक्याला मार’ आहे. तुम्ही बोललात तर खटला उभा राहतो, नाही तर तो सुटतो.

पण वकीलबाईंना मी तुमचं पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते वाचून खाली ठेवलं. म्हणाल्या, “हा साक्षीदार स्वतःच आरोपी आहे.” झारा धुणं, सदरा जाळणं, गुन्हेगाराला पळवणं, पोलिसांना खोटं सांगणं. हे सगळं तुम्ही तिकडे केलंत, पण तुम्हीही इथलेच नागरिक. ज्या कायद्यानं उंच्याला घरी येऊन गाठलं, तोच कायदा तुम्हालाही गाठू शकतो. तुम्ही तिथेच राहिलात तर बहुधा काही होणार नाही. इथे पाय ठेवून साक्ष दिलीत तर होऊ शकतं. वकिलातीत बसून पडद्यावरून साक्ष देता येते, पण बोललेलं लिहिलं जातं, आणि कधीतरी तुम्हाला घरी यायचंच आहे.

बाई म्हणाल्या, “हे त्याला आत्ताच कळवायची काय गरज? आधी येऊ दे.” मी बरं म्हटलं. दोन आठवडे तसंच राहिले. पण मग माझ्यात आणि पळवून लावणाऱ्यांत फरक काय? म्हणून कळवतेय. विचार करा. घरच्यांना विचारा.

ताई


३० जून

दादा,

उत्तर नाही. आजारी नाही ना? यायला हवंच असं नाही. बरे आहात एवढं कळवा.

ताई


२२ जुलै

ताई,

बरा आहे. घरी लिहिलं होतं, त्याचं उत्तर यायची वाट पाहत होतो. बायकोनं कळवलं, “आठ वर्षं तुम्ही दोनशे माणसांना जेवायला घालता आणि वर्षभर स्वतः धड जेवत नाही, हे मला फोनवरच्या आवाजातून कळत होतं. या आणि सांगून टाका. पुढचं बघू.” म्हणून मी येतोय. पडद्यावरून नाही, समोर उभं राहून.

पण त्याआधी एक काम राहिलंय. तुम्ही मला फसवू शकत होतात आणि फसवलं नाहीत. आता मी तुम्हाला फसवलं तर मला अन्न गोड लागणार नाही.

मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही. पहिला मार तुमच्या भावाचा होता.

दोन दिवस आधी क्रेनवरून एक पत्रा हलला आणि तुमच्या भावाच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं गेला. वारा होता, उंच्याची चूक नव्हती, पण तुमच्या भावानं डोक्यात घेतलं की मुद्दाम केलं. दोन दिवस धुमसत होता. सुट्टीच्या दुपारी उंच्या जेवायला आला आणि थट्टेत म्हणाला, “काय रे, अजून जिवंत?” तेवढं पुरलं. तुमच्या भावानं चुलीपाशी धावत येऊन माझ्या हातातला झारा हिसकला आणि परत जाऊन उंच्याच्या कानशिलावर हाणला. उंच्या म्हणाला, “पुरे, ठिणगी, पुरे.” त्यानं पुन्हा मारला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा उंच्यानं झारा ओढून घेतला आणि मारला. तो मार मी समजू शकतो. पण तुमचा भाऊ वाकला होता, हात डोक्यावर धरले होते, तेव्हा त्यानं दुसरा मारला. तो मारायची काही गरज नव्हती. तो उंच्याचा गुन्हा.

त्याला ठिणगी म्हणायचे ते वेल्डिंगमुळे नाही. गोदीत साठ वेल्डर आहेत, ठिणगी एकच होता.

मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणून हे गाळलं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तुमच्या मनातून उतरायचं नव्हतं मला.

कोर्टात मी हे सगळं सांगणार. याचा फायदा उंच्याला होईल. आता तुम्ही विचार करा. असा साक्षीदार तुम्हाला हवा आहे का? नको म्हणालात तर येणार नाही, आणि कोणाला काही बोलणार नाही.

आचारी


१९ ऑगस्ट

दादा,

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी दुकानात गेले नाही. चौथ्या दिवशी गेले आणि दोन काचा फोडल्या. आधी वाटलं, उंच्याकडच्यांनी तुम्हाला फितवलं. वकीलबाईंना पत्र दाखवलंही नाही, पर्समध्येच ठेवलं. ते तिथे असलं की पर्स जड लागायची.

मग एकदा तोंड धुताना आरशात पाहिलं. माझ्या डाव्या भुवईत एक वण आहे. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, लहानपणी पाटाचा कोपरा लागला. पाट लागला हे खरं आहे. तो धाकट्यानं मारला होता. मी एकवीस वर्षांची, तो सतरा, आणि भांडण कशावरून तर त्याची सायकल मी विचारल्याशिवाय नेली. त्यानंतर तोच मला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावला आणि वाटभर माझ्याहून जास्त रडला. तो असा होता. दोन्ही तोच होता.

तुम्हाला खोदून खोदून विचारत होते मी, दादा, आणि हे स्वतःच्या तोंडावर घेऊन फिरत होते. ठिणगी का म्हणायचे, हे मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते. तुमच्याकडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

आईला सांगितलं. सगळं. घसरून पडला नाही इथपासून. ती फुलाच्या कुंडीतली माती उकरत बसली होती, तशीच उकरत राहिली. मग म्हणाली, “आधी यानं मारलं?” मी म्हटलं, “हो.” “मग तो पुरे म्हणाला?” “हो.” “आणि मग आपला हात डोक्यावर धरून वाकला होता?” “हो, आई.” ती म्हणाली, “मग दोन्ही सांगू दे त्या आचाऱ्याला. एकच सांगितलं तर माझा मुलगा अर्धाच राहील.”

या. वकीलबाईंना उद्या मी स्वतः सांगते. तुमच्यासाठीही त्यांनीच उभं राहायचं असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेईन.

ताई


४ नोव्हेंबर

ताई,

साक्ष होऊन वर्ष उलटलं, आणि आता मी तुम्हाला हे तुरुंगातून लिहितोय. घाबरू नका, मजेत आहे.

माझ्यासाठीही राजधानीतून मंजुरी आली हे तुम्हाला वकीलबाईंनी सांगितलं असेलच. मी लगेच गुन्हा कबूल केला. न्यायाधीश म्हणाल्या, “तुम्ही आला नसतात तर हा खटलाच झाला नसता. तरीही फरशी तुम्ही धुतली होती.” चार महिने. यात काही चूक आहे असं मला वाटलं नाही. कंपनीनं माझी जागा भरली, ती भरणारच होती. बायको म्हणते, सुटलात की इथेच खानावळ काढू.

पहिल्या दिवशी इथल्या साहेबांनी विचारलं, “काय येतं?” म्हटलं, “दोनशे माणसांचा भात.” त्यांनी मला तिथूनच हात धरून स्वयंपाकघरात नेलं.

सांगायचं आहे ते वेगळं. उंच्याही इथेच आहे. पाच वर्षांची झाली ना त्याला, खून नाही, रागाच्या भरात झालेला मनुष्यवध म्हणून. निकालाच्या दिवशी तुम्ही त्याच्या आईला जिना उतरताना हात दिलात, ते त्यानं पाहिलं. मला म्हणाला.

आठवडाभर तो माझ्यासमोर ताट घेऊन यायचाच नाही, दुसऱ्या रांगेत जायचा. परवा आला. मी वाढलं. तो म्हणाला, “दादा, तुम्ही मला पळवलं नसतंत तर तिकडे फासावर गेलो असतो. आणि तुम्ही बोलला नसतात तर इथे कारखान्यात बसून आतल्या आत कुजलो असतो. तुमच्यावर राग कुठल्या गोष्टीचा धरू तेच कळत नाही.” मी म्हटलं, “जेव आधी.” तर ताट धरून उभाच राहिला. मग हळूच विचारलं, “त्याच्या आई कशा आहेत?”

म्हटलं, विचारून सांगतो. तुम्ही सांगा, काय सांगू?

आचारी


१६ नोव्हेंबर

दादा,

तुमचं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्ण, काही न गाळता. शेवटच्या प्रश्नापाशी थांबले तर ती म्हणाली, “पुढे वाच की.” मी म्हटलं, “पुढे काही नाही, आपण उत्तर द्यायचंय.” ती उठून आत गेली.

काल दुकानातून आले तर तिची चांगली साडी इस्त्री करून पलंगावर ठेवलेली. म्हणाली, “रविवारी भेटायला सोडतात ना तिथे? मी येते.”

मी विचारलं, “कोणाला भेटायचंय?”

ती साडीची घडी पुन्हा उलगडून नीट करत बसली. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

भेटीसाठी आधी अर्ज लागतो. आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन मी तो भरून आले. एक तुमच्या नावाचा भरला, एक त्याच्या.

ताई